कोयना आणि पवनचक्क्या असूनही सातारा-सांगलीला कोळशाची वीज का लागते?

याचे मुख्य कारण वेळेचे आहे. वनकुसवडे, चाळकेवाडी आणि ढालगाव परिसरातील पवनचक्क्या पावसाळ्यात भरपूर वीज देतात. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांची (नदीचे पाणी पंपाने उचलून शेतीला देणाऱ्या) विजेची गरज मात्र कोरड्या महिन्यांत वाढते. कोयनेची १,९६० मेगावॅट जलविद्युत क्षमता काही मिनिटांत हाताशी येते, पण कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली असल्याने ती अखंड चालवता येत नाही, आणि त्याच धरणाचे पाणी कराड-सांगलीच्या शेतीलाही हवे असते. साखर कारखान्यांची सहवीज (उसाच्या चिपाडापासून बनणारी वीज) प्रामुख्याने गाळप हंगामातच मिळते.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च शेतीपंपांच्या वीजवाहिन्या सौरऊर्जेवर नेण्यासाठी व्हावा. राज्याच्या २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू तोच आहे, आणि त्यामुळे शेतकऱ्याला साप-विंचवाच्या भीतीत रात्री पाणी पाजावे लागणार नाही, ही बाब मला मेगावॅटच्या हिशेबाइतकीच मोलाची वाटते. दिवसाचा भार सौरऊर्जेने उचलला, तर कोयनेचे पाणी संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी राखता येईल आणि त्या वेळी कोळशावरचे अवलंबन कमी होईल.