बेळगावातील आमच्या हौशी नाट्यमंडळाला स्पर्शाने आवाज काढणारा सेन्सर संच बनवायचा आहे. क्राउडफंडिंगने पैसे उभे राहतील का?

राहतील, मात्र लोक सर्किट पाहून नव्हे, तर त्यातून काय घडते ते पाहून पैसे देतात. केळ्यांचा पियानो करून दाखवणाऱ्या ‘मेकी मेकी’ या इलेक्ट्रॉनिक संचाने २०१२ मध्ये किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर २५,००० डॉलर मागितले आणि पाच लाखांहून अधिक मिळवले, कारण प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही ते पाहताक्षणी उमगले. आपणही खानापूरच्या मडक्यात पाणी भरावे, त्यात सोडलेली तांब्याची तार आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडलेल्या एमपीआर१२१ या बारा स्पर्शबिंदूंच्या चिपला लावावी आणि पाण्याला बोट लागताच टाळ वाजतो, हे मिनिटभरात दाखवावे. उद्दिष्ट ठरवताना सुट्या भागांच्या किमतीबरोबर कुरिअर, जीएसटी आणि बिघडलेले संच बदलून देण्याचा खर्चही धरावा. हिशेब बहुधा तिथेच चुकतो.