ओडब्ल्यूसर्व्हर न जोडलेले सेन्सर दाखवतो आणि जोडलेला दाखवत नाही, असे का?

ओडब्ल्यूसर्व्हर हा एकाच डेटा-तारेवरचे (वन-वायर) सेन्सर वाचून इतर प्रोग्रामांना देणारा प्रोग्राम. आपण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला एकच डीएस१८बी२० तापमान सेन्सर जोडला आहे आणि सापडलेली उपकरणे दाखवणाऱ्या ओडब्ल्यूडिर या आज्ञेच्या यादीत मात्र दोन अनोळखी पत्ते दिसतात, एक १० ने सुरू होणारा आणि दुसरा ०५ ने. एवढ्यावरूनच दोष कुठे आहे ते बहुतेक कळते. पत्त्याचे पहिले दोन अंक चिपचे कुळ सांगतात. डीएस१८बी२०चे कुळ २८, तर १० आणि ०५ ही अनुक्रमे डीएस१८एस२० हा तापमान सेन्सर आणि डीएस२४०५ हा स्विच यांची कुळे. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजसोबत येणाऱ्या ओडब्ल्यूएफएस डॉट कॉन्फ या ओडब्ल्यूसर्व्हरच्या सेटिंगांच्या फाइलमध्ये चाचणीसाठी ‘फेक’ शब्दाची एक ओळ आधीच लिहिलेली असते, आणि तिच्याबरहुकूम सर्व्हर ही दोन लुटुपुटीची उपकरणे उभी करून त्यांतल्या तापमान सेन्सरला मनाला येईल ते तापमानही देतो. सेवा सुरू, लॉग स्वच्छ आणि आकडे खोटे, अशी ही फसवी अवस्था आहे.

त्या ओळीच्या आरंभी हॅश चिन्ह घालून ती निष्प्रभ करावी, तिच्या जागी ‘सर्व्हर’, विसर्गचिन्ह (:) आणि ‘डब्ल्यू१’ अशी ओळ इंग्रजी अक्षरांत लिहावी आणि सेवा पुन्हा सुरू करावी. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ मात्र तशीच राहू द्यावी, कारण इतर प्रोग्रामांना सर्व्हर ४३०४ क्रमांकाच्या पोर्टवर भेटेल, हे तीच सांगते.

एवढे करूनही २८ दिसला नाही, तर ओडब्ल्यूसर्व्हर बाजूला ठेवून थेट कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, डब्ल्यू१ (वन-वायर) उपकरणांचा फोल्डर पाहावा. तिथे काहीच नसेल, तर डब्ल्यू१-जीपीआयओचा ओव्हरले, म्हणजे पायच्या पिनेवर वन-वायर सुरू करणारी सेटिंग, चालू झालेला नाही. तो चालू करण्याची ओळ जिच्यात लिहायची ती कॉन्फिग डॉट टीएक्सटी ही फाइल रास्पबेरी पायच्या प्रणालीच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून बूटमधील फर्मवेअर फोल्डरात गेली आहे, आणि जुन्या मार्गदर्शिका अजूनही आधीचीच जागा सांगतात. ००ने सुरू होणारी विचित्र नावे दिसत असतील, तर डेटाची तार अधांतरी आहे, म्हणजे डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामधला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर नाही किंवा नीट टेकलेला नाही. हा रेझिस्टर ५ व्होल्टला जोडू नये, पायच्या पिनांना तो दाब सोसत नाही. जलरोधक प्रोबच्या तारांच्या रंगांवरही विसंबू नये, उत्पादकागणिक ते बदलतात.

सेन्सर दिसू लागल्यावर अधूनमधून नेमके ८५ अंश येत असतील, तर ते तापमान नसून वीज मिळताच चिपमध्ये असणारा आरंभीचा आकडा आहे. अशा वेळी वीजपुरवठ्याचे सांधे तपासावेत.