विदर्भातल्या खेड्यात घरी डाक रोज येते का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावर तुम्ही शिक्षक म्हणून रुजू होताय, एटीएम कार्ड आणि कागदपत्रं डाकेनं येणार आहेत, तर घरी डाक रोज मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी पांढरकवड्याकडचा. रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर आमच्या शाखा डाकघरात थैली रोज येते. डाकघर ज्या गावात आहे तिथं टपाल बहुतेक त्याच दिवशी वाटून होतं. त्याला जोडलेल्या लहान गावांचं तसं नसतं. आमचं गाव त्यातलंच. डाकसेवक आठवड्यातून दोन-तीनदा येतो, नाल्याला पूर असला तर तेही नाही. त्याला बोल लावू नका. त्याची ड्युटी चार-पाच तासांची, त्यातच म्हाताऱ्या माणसांना अंगठ्यावर निराधारचे पैसे घरी काढून द्यायचे. तो पैसे मोजून हातात देईपर्यंत आमच्या गल्लीतली आजी त्याला उठू देत नाही.

खरी अडचण पत्त्याची असते. आमच्या गावात पोस्ट नाही, तरी माझ्या भावानं अर्जावर ‘मु. पो.’ लिहून आमच्याच गावाचं नाव टाकलं. त्याच नावाचं गाव शेजारच्या तालुक्यातही आहे. मुलाखतीचं पत्र आधी तिकडं गेलं, मग फिरत फिरत फाट्यावरच्या पानठेल्यावर कोणीतरी ठेवून गेलं. हाती आलं तेव्हा मुलाखत होऊन दोन दिवस झाले होते. ते पाकीट मी अजून जपून ठेवलंय. त्यावर तीन डाकघरांचे शिक्के आहेत, कोपऱ्याला काताचा डाग आहे.

म्हणून ‘मु.’ पुढं राहतं गाव, ‘पो.’ पुढं डाकघराचं गाव, मग तालुका, जिल्हा, ४४५ नं सुरू होणारा पिनकोड आणि मोबाइल नंबर, एवढं लिहाच. महत्त्वाचे कागद स्पीड पोस्टानंच मागवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही त्यातच आलंय. १३ अक्षरी नंबरावरून डाक कुठवर आली ते कळतं. दिवसा घराला कुलूप राहणार असेल तर पत्ता शाळेचा द्या, नाहीतर पाकीट काही दिवस डाकघरात राहून परत जातं.

आणि रुजू झाल्याबरोबर डाकसेवकाला भेटून नंबर देऊन ठेवा. आमच्या गुरुजींचं काही आलं की तो निघायच्या आधीच फोन लावतो, “गुरुजी, शाळेतच आहात ना?”