अ‍ॅप एक झालं, मग पैसे का वाढले?

या वेळच्या पत्रांमधी ओटीटीच्या, म्हणजे इंटरनेटवरनं सिनेमे, मालिका, मॅच दाखवतात त्यांच्या वर्गणीचा विषय इतक्या जणांनी काढलाय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. सांगली, मिरज, तासगाव, सातारा, वाई सगळीकडनं पत्रं आहेत आणि बहुतेकांचा सूर एकच, की पैसे आपले जातायत आणि आपल्याला कुणी विचारत नाही.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक, विश्रामबागला राहतो. जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र झाले तेव्हा मला वाटलं बरं झालं, दोनच्या जागी एकच पैसे भरायचे. प्रीमियम प्लॅन वर्षाला १४९९ ला होता. मुदत संपली, काही दिवस तसंच राहिलं, आता परत घ्यायला गेलो तर २१९९ दाखवतंय. दोन दुकानं एक झाली की खर्च कमी होतो असं आम्ही मुलांना अर्थशास्त्रात शिकवायचो, मग इथं उलटं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : सर, तुम्ही शिकवलं ते चूक नाही. खर्च कमी होतोच, पण तो कंपनीचा. तो कमी झालेला खर्च आपल्यापर्यंत कधी येतो, तर शेजारी दुसरं दुकान उघडं असेल तेव्हा. इथं शेजारचं दुकानच उरलं नाही, सगळी मेख तिथं आहे.

जरा मागं जाऊन बघू, कारण आपण हे फार पटकन विसरलो. २०२२ च्या जूनमध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला. टीव्हीचे हक्क हॉटस्टारवाल्या स्टारनं २३,५७५ कोटींना घेतले आणि मोबाईल-इंटरनेटचे हक्क जिओसिनेमावाल्या वायकॉम१८ नं २३,७५८ कोटींना. म्हणजे तोपर्यंत हॉटस्टारवर दिसणारी आयपीएल दुसऱ्याकडं गेली. त्यांनी २०२३ ची अख्खी आयपीएल जिओसिनेमावर फुकट दाखवली, त्या फायनलला एका वेळी ३ कोटी २० लाख लोक बघत होते. मग हॉटस्टारनं काय केलं? त्याच वर्षीचा आशिया कप आणि वर्ल्ड कप मोबाईलवर फुकट केला. सर, ते कुणाच्या मोठ्या मनामुळं झालं नव्हतं, दोघांची मारामारी चालू होती आणि मधे आपलं भलं झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर जिओसिनेमानं महिना २९ रुपयांचा प्लॅन काढला, एकोणतीस, आपल्याकडं भडंगाचा पुडासुद्धा त्या पैशात धड येत नाही.

मग २८ ऑगस्ट २०२४ ला स्पर्धा आयोगानं काही अटी घालून दोघांच्या एकत्र येण्याला मंजुरी दिली, १४ नोव्हेंबर २०२४ ला व्यवहार पुरा झाला, ७०,३५२ कोटींची कंपनी तयार झाली आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार नावाचं एकच अ‍ॅप आलं. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी हॉटस्टारचे जुने दर वाढवले नव्हते, वर्षाला मोबाईल प्लॅन ४९९, सुपर ८९९, प्रीमियम १४९९ हेच आकडे होते. म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पण २९ वाला प्लॅन गेला आणि पूर्ण फुकटची आयपीएल गेली, थोडा वेळ बघा आणि मग पैसे भरा असं झालं. आणि मग वर्षभरानं, २०२६ च्या जानेवारीत, ८९९ चे १०९९ झाले आणि १४९९ चे २१९९. तुमच्या प्लॅनवर सातशे रुपये वाढले, जवळजवळ निम्मे.

याच्या उलट झालेलंही मला सांगायचंय. १४ डिसेंबर २०२१, एकच दिवस. त्या दिवशी नेटफ्लिक्सनं भारतातला बेसिक प्लॅन ४९९ वरनं १९९ वर आणला आणि त्याच दिवशी अ‍ॅमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी ९९९ वरनं १४९९ झाली. ज्याला इथं अजून गिऱ्हाईक जमवायचं होतं त्यानं उतरवले, ज्याच्याकडं गिऱ्हाईक बसलं होतं त्यानं चढवले. खर्च, डॉलर, शूटिंगचं बजेट ही कारणं कंपन्या सांगतात आणि ती खोटी नसतीलही, पण दर ठरतो तो आपण सोडून जाऊ शकतो का नाही यावर.

केबलचं तसं नाही बघा, तिथं ट्रायचे, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाचे नियम आहेत, २०१९ पासनं प्रत्येक चॅनेलची किंमत वेगळी दाखवावी लागते, नको ते काढता येतं. ओटीटीच्या दरावर ट्रायचा हात नाही. त्यामुळं "हे बेकायदेशीर आहे का" असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, तर नाही, दर वाढवणं बेकायदेशीर नाही.

आता तुम्ही काय करायचं. वर्षाचा प्रीमियम घेऊ नका असं माझं सरळ मत आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय की घरी तुम्ही दोघंच आणि एकच टीव्ही. प्रीमियममध्ये चार स्क्रीन मिळतात, म्हणजे एका वेळी चार ठिकाणी बघता येतं, त्यातल्या तीन तुमच्या काय कामाच्या? सुपरमध्ये दोन स्क्रीन आहेत, जाहिराती लागतात हे खरं, पण लाइव्ह मॅचमध्ये जाहिराती प्रीमियमलाही लागतात. तीन महिन्यांचा सुपर ३४९ ला आहे, तो घेऊन बघा, संपला की लगेच परत घ्यायची घाई करू नका, पंधरा दिवस थांबा आणि नेमकं काय बघायचं राहून गेलं ते आठवतंय का बघा.

आणि वर्षाच्या वर्गणीचा अजून एक धोका. एचबीओ या अमेरिकन कंपनीच्या मालिका हॉटस्टारवर होत्या, ३१ मार्च २०२३ नंतर तिथनं गेल्या. ज्यांनी फक्त त्यासाठी फेब्रुवारीत वर्षाचे पैसे भरले होते त्यांचं काय? मे महिन्यात त्या जिओसिनेमावर आल्या, म्हणजे तिथं परत पैसे, आणि आता दोन्ही एक झाल्यावर फिरून त्याच घरात. आपण सिनेमा विकत घेत नाही सर, तो त्यांच्याकडं असेपर्यंत बघायची परवानगी घेतो, आणि तो उद्या त्यांच्याकडं असेल याची हमी कुणी देत नाही.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे, टीव्ही बघायला वेळच नसतो. मी फक्त आयपीएल आणि आपल्या स्मृती मानधनाच्या मॅच बघतो, तेपण मोबाईलवर. रिचार्जबरोबर फुकट मिळतं म्हणतात ते खरं का? – तासगाव

उत्तर : मिळतं, पण "फुकट" हा शब्द जपून वापरा दादा. २०२५ च्या आयपीएलला जिओनं २९९ आणि त्यावरच्या रिचार्जवर ९० दिवस हॉटस्टार दिलं होतं. पण तोच २८ दिवसांचा दीड जीबीवाला रिचार्ज जुलै २०२४ च्या आधी २३९ ला होता. साठ रुपये रिचार्जमध्ये वाढले ते दर महिन्याला वाढले आणि अ‍ॅप मिळालं ते तीन महिने. तुम्हाला रिचार्ज करायचाच असतो, म्हणून सोबत मिळत असेल तर जरूर घ्या, पण फक्त अ‍ॅपसाठी मोठा रिचार्ज मारू नका, आधी दोन्हीचा हिशेब करा.

तुमचं काम जिओहॉटस्टारच्या मोबाईल प्लॅनमध्ये भागतंय. महिन्याला ७९, तीन महिन्यांना १४९. आयपीएल मार्चच्या शेवटी सुरू होऊन दोन महिने चालते, म्हणजे १४९ मध्ये ती पूर्ण बसते. स्मृतीच्या मॅचचं म्हणाल तर ज्या महिन्यात भारताची मालिका असेल त्या महिन्यात ७९ भरा. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपण साउथ आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकलो, त्या रात्री माधवनगरच्या पोरीसाठी कुणाला एकोणऐंशी रुपये जास्त वाटले असते? मला तर अजिबात वाटले नसते. राग पैशाचा नाही, न बघता जाणाऱ्या पैशाचा आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, सगळं क्रिकेट एकाच अ‍ॅपवर नसतं. २०२५ चा आशिया कप सोनी लिव्हवर होता. मालिका सुरू व्हायच्या आधी कुठं दिसणार ते बघूनच पैसे भरा, टॉस झाल्यावर घाईत कुठलाही प्लॅन दाबला जातो आणि तिथंच वर्षाचा घेतला जातो.

प्रश्न : मोबाईलमधनं अ‍ॅप काढून टाकलं तरी आईच्या खात्यातनं दर महिन्याला पैसे जातायत. कस्टमर केअरला फोन लागत नाही. काय करावं? – मिरज

उत्तर : अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं नसतं. हे मी अनुभवानं सांगते, माझ्या सासूबाईंच्या मोबाईलवर भाच्यानं कुठलंतरी अ‍ॅप एक रुपयात "ट्रायल" म्हणून घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी अ‍ॅप काढलं, आणि आम्हाला कळलं ते अकरा महिन्यांनी, बँकेच्या पासबुकात एंट्र्या बघताना. पेन्शनच्या खात्यातनं जात होते. त्या बिचाऱ्या म्हणत राहिल्या माझंच काहीतरी चुकलं असेल, ते ऐकून मला पैशांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आज, हे वाचून झालं की लगेच, आईचं फोनपे किंवा गुगल पे जे असेल ते उघडा. त्यात ऑटोपे किंवा मँडेट असं लिहिलेलं पान सापडेल, तिथं कुणाकुणाला दर महिन्याला पैसे काढायची परवानगी दिलीय त्याची यादी असते. नको असलेलं रद्द करा. त्यासाठी त्या कंपनीला फोन करायची गरज नाही, परवानगी आपण दिलेली असते, आपणच काढून घ्यायची. कार्डावरनं जात असतील तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत जाऊन बंद करून घ्या.

रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासनं लागू आहेत, पैसे कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज आला पाहिजे, त्यात रक्कम आणि कुणाला जाणार ते असलं पाहिजे. आईच्या मोबाईलवर ते मेसेज येऊन पडले असतील, जाहिरातींच्या गर्दीत. खात्याला जोडलेला नंबर जुना असेल तर तो आधी बदला, पुष्कळ घरांत घोळ तिथंच असतो.

गेलेल्या पैशांसाठी १९१५ ला फोन करा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. बोलताना "घेणं एका क्लिकवर आणि बंद करायला रस्ताच नाही" हे मुद्दाम सांगा, कारण ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला स्क्रीनवर गंडवायच्या युक्त्यांच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये जे १३ प्रकार सांगितलेत त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा हा एक आहे. पैसे कापल्याचे मेसेज, पासबुकाचं पान, कस्टमर केअरला लावलेल्या फोनची तारीख-वेळ हे सगळं जपून ठेवा. तिथं नाही सुटलं तर सांगलीत जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. चार-पाचशे रुपयांसाठी कुठं जायचं असं तुम्हाला वाटेल, पण लाखो लोकांना असंच वाटतं म्हणून तर हे चालतं.

प्रश्न : वर्षाचे पैसे भरले आणि आता मधेच जाहिराती लागतात, असं करता येतं का? – शाहूपुरी, सातारा

उत्तर : प्राइम व्हिडिओबद्दल लिहिलंय तुम्ही. १७ जून २०२५ पासनं भारतात त्यांनी जाहिराती सुरू केल्या, नको असतील तर वर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ द्यायचे. त्यांनी आधी कळवलं होतं आणि अटी बदलायची मुभा आपण "मान्य आहे" दाबताना दिलेली असते. मला विचाराल तर हे योग्य नाही. ज्यानं जाहिरातीशिवाय बघायचे म्हणून पैसे भरलेत त्याचं ते वर्ष तरी तसं जाऊ द्यायला हवं होतं. मुदत संपताना सामानाची डिलिव्हरी किती वेळा मागवली आणि सिनेमे किती बघितले ते वेगवेगळं मोजा, सिनेमे कमी असतील तर वर्षाचे ७९९ वाला प्राइम लाइट बघा.

प्रश्न : नेटफ्लिक्स आम्ही कॉलेजचे चार मित्र मिळून वापरायचो, आता चालत नाही. – कराड

उत्तर : २० जुलै २०२३ पासनं एका घरापुरतंच केलंय त्यांनी. पळवाटा शोधू नका, मोबाईलचा प्लॅन १४९ ला आहे, सेमिस्टर संपली की एक महिना घ्या आणि बंद करा.

प्रश्न : माझ्या आईचं वय ७८. तिला फक्त मराठी मालिका बघायच्या असतात, मुलगा म्हणतो केबल काढून टाक आणि अ‍ॅप घे. काय करू? – एक वाचक भगिनी, वाई

उत्तर : ताई, आईंना रिमोटचं एक बटण दाबलं की मालिका लागते ना, मग केबल काढू नका. अ‍ॅपवर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आता एकाच ठिकाणी मिळतात, आधी दोन अ‍ॅप लागायची, एवढा फायदा एकत्र येण्यानं झाला हे मान्य. पण झी मराठीसाठी झी५ वेगळं घ्यावं लागतं, वर इंटरनेटचा खर्च, आणि नेट गेलं की आईंनी कुणाला हाक मारायची? त्यापेक्षा केबलवाल्याला बोलावून चॅनेलची यादी मागा, हिंदी-इंग्लिशचे मोठे पॅक काढून आई बघतात तेवढेच मराठी चॅनेल सुटे ठेवा, बिल त्यानंच उतरेल. डीडी फ्री डिशचंही तुम्ही विचारलंय, त्याला एकदा डिश आणि बॉक्सचा खर्च, नंतर महिन्याला काही नाही, सह्याद्री दिसते, पण पैसे घेणारी चॅनेल तिथं नसतात, म्हणून आईंच्या मालिका त्यावर मिळणार नाहीत. प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं अ‍ॅप २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलंय, ते मुलाच्या मोबाईलवर घेऊन ठेवा, दूरदर्शनचे जुने कार्यक्रम त्यात आहेत, दुपारी आईंना एखादा लावून द्या आणि सोबत बसून बघा.