‘मूळ नियम’ नव्हे, मुळाचे नियम

प्रश्न असा: व्यापार करारांतल्या ‘रूल्स ऑफ ओरिजिन’ला, म्हणजे शुल्कसवलत वगैरे ठरवताना माल कोणत्या देशाचा मानायचा हे सांगणाऱ्या नियमांना, मराठीत ‘मूळ नियम’ म्हणावे की ‘उगम नियम’? आणि चिप, सर्किट बोर्ड, बॅटरी अशा सुट्या भागांबद्दल लिहिताना ‘मूळ देश’ आणि ‘निर्माता देश’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर काही बिघडते का?

‘मूळ नियम’ कृपा करून लिहू नका. मराठीत ‘मूळ’ नामाच्या आधी सुटे आले की विशेषण होते: मूळ प्रत, मूळ रक्कम, मूळ गाव. त्यामुळे ‘मूळ नियम’ म्हणजे आधीचा, दुरुस्ती व्हायच्या पूर्वीचा नियम. ‘करारातले मूळ नियम बदलले’ हे वाक्य वाचून कुणालाही वाटेल की जुने नियम गेले. वास्तविक सांगायचे असते ते मालाचे मूळ ठरवण्याच्या नियमांबद्दल. बातम्यांत, अहवालांत हा घोटाळा सर्रास चालतो आणि तो एका षष्ठीने मिटतो. ‘मुळाचे नियम’ म्हणा, किंवा सविस्तर ‘मूळ-निर्धारणाचे नियम’.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: बिघडते, आणि बरेच. ते पुढे येईलच. आधी ‘उगम’.

‘उगम’चा आग्रह धरणाऱ्यांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो वरवर पाहता फार देखणा आहे. लॅटिन ‘ओरिरी’ म्हणजे वर येणे, उगवणे. त्यापासूनच ‘ओरिजिन’ आणि त्यापासूनच ‘ओरिएंट’, म्हणजे सूर्य उगवतो ती दिशा. आपल्याकडे संस्कृत ‘उद्गम’, प्राकृत ‘उग्गम’, मराठी ‘उगम’. ‘उगवणे’ याच कुळातले, आणि पूर्वेला आपणही ‘उगवत’च म्हणतो. अरबीत याच नियमांना जो शब्द आहे त्यातला ‘मन्शा’ हाही वर येणे, वाढणे या अर्थाच्या धातूचा. तीन भाषांनी एकच चित्र काढले. जुळणी सुंदर आहे, पण शब्दाचा जन्म जुळला म्हणून त्याचे आजचे काम जुळते असे नाही. ‘उगम’ म्हटले की मराठी मन नदीकडे जाते आणि उलटे चालत एका झऱ्यापाशी थांबते. मुळाचे नियम हे बरोबर याच्या विरुद्ध वागतात. ते मागे मागे जात सिलिकॉनच्या वाळूपर्यंत किंवा लिथियमच्या खाणीपर्यंत पोचत नाहीत. 1995 पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या मूळविषयक करारात तत्त्व सांगितले आहे ते असे: वस्तू पूर्णपणे एकाच देशात मिळवलेली असेल तर तो देश, आणि एकाहून अधिक देशांचा हात लागला असेल तर जिथे अखेरचे लक्षणीय रूपांतर झाले तो देश. अखेरचे, पहिले नव्हे. उगम पहिलाच असतो. ‘अखेरचा उगम’ हा शब्दप्रयोगच उभा राहत नाही. (आणि नदीसाठी ‘उगम’च हवा असा हट्टही आपल्या भाषेने धरलेला नाही. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असेच आपण म्हणतो.)

आता ‘मूळ’. रोप वाफ्यातून उपटून दुसऱ्या मातीत लावले, काही दिवस ते कोमेजलेले राहिले आणि मग तरारले, की आपण म्हणतो, ‘रोपाने मूळ धरले.’ उगवले ते वाफ्यात, मूळ धरले ते शेतात. मुळाच्या नियमांचा सगळा आशय या एका वाक्प्रचारात आहे. परदेशातून आलेल्या भागाने इथे मूळ धरले का, की तो नुसता कुंडीसकट या गच्चीवरून त्या गच्चीवर आला? खोके बदलणे, लेबल लावणे, छाननी, साधी जोडणी अशा कामांची यादी बहुतेक करारांत दिलेली असते आणि त्यांनी मूळ मिळत नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. ते कुंडी हलवणे आहे.

पण मला या शब्दात खरा आनंद आहे तो वेगळ्याच कारणाने. ‘मूल्य’ हा शब्द ‘मूल’पासून झाला आहे. पाणिनीने तो दोन सूत्रांत साधला. 4.4.88 मध्ये मुळासकट उपटायचे ते मूल्य, म्हणजे उडीद-मुगासारखे पीक. 4.4.91 मध्ये व्यवहारातले मूल्य. काही जण पहिल्या सूत्रावरून दुसऱ्याचा अर्थ लावतात आणि ‘मूल्य’ म्हणजे शेतातून उपटलेल्या मालाची किंमत असे सांगतात. हे मला अजिबात मान्य नाही. दोन अर्थ एक असते तर दोन सूत्रांची गरजच नव्हती. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका ‘काशिका’; तिने दुसऱ्या सूत्रावर कापडाचे उदाहरण घेतले आहे: कापड ज्याच्यामुळे तयार होते ते मूळ, आणि मूळच वाढीसह मूल्य बनते. म्हणजे मूल्यातून मूळ वजा केले की उरते ती तुम्ही घातलेली भर. व्यापार करारांत ‘प्रादेशिक मूल्यांश’ म्हणून जे सूत्र छापलेले असते ते हेच. जहाजावर चढवलेल्या मालाची किंमत, उणे बाहेरून आणलेल्या साहित्याची किंमत, भागिले पहिली किंमत.

आणि ही संगती एकट्या संस्कृतची नाही. कानडी ‘मोदलु’ म्हणजे आरंभ, मूळ, आणि भांडवलही. आपले ‘मुद्दल’ तिथूनच आले असे माझे ठाम मत आहे. अरबी ‘अस्ल’ म्हणजे झाडाचे मूळ आणि वंश. आपला ‘अस्सल’ त्याचाच, आणि त्याच ‘अस्ल’चे अनेकवचन ‘उसूल’ आजच्या अरबी हिशेबलेखनात मालमत्ता या अर्थी वापरतात. (‘वसूल’ वेगळा, त्याचा धातू दुसरा.) एकमेकांशी नाते नसलेल्या तीन भाषाकुळांना झाडाचे मूळ, वस्तूचे मूळ आणि व्यवहारातले मूळ धन एकच वाटावे, यापेक्षा मोठा पुरावा मला नको. ‘उगम’ला हा पैशाचा अर्थ कधीच चिकटलेला नाही. म्हणून ‘मूळ’.

याच ओघात दोन शब्द सुचवतो. ‘ओरिजिनेटिंग मटेरियल’ला स्वमूळ साहित्य, ‘नॉन-ओरिजिनेटिंग’ला परमूळ साहित्य. ‘अमूळ’ किंवा ‘निर्मूळ’ करू नका. निर्मूळ म्हणजे निराधार, आणि परदेशातून आलेल्या भागाला मूळ असतेच; ते फक्त आपले नसते.

आता हिशेब, कारण शब्द नेमका नसला की चूक इथेच होते. एका उपकरणाची जहाजावरची किंमत 100 एकक, त्यातले परमूळ साहित्य 62. मूल्यांश 38 टक्के. 2010 पासून लागू असलेल्या आसियान-भारत करारात सर्वसाधारण अट 35 टक्क्यांची आहे, तिथे हा माल मूल्याच्या कसोटीला उतरतो. आशिया-प्रशांत देशांच्या, 2022 पासून लागू झालेल्या आरसेप करारात जिथे 40 टक्क्यांची अट आहे, तिथे तोच माल पडतो. परमूळ साहित्याची किंमत बहुधा विमा आणि वाहतुकीसह धरतात. समजा, तो खर्च 3 एकक आहे आणि 62 मध्ये धरायचा राहिला, तर आकडा 65 होतो आणि मूल्यांश नेमका 35 वर येऊन टेकतो. खरेदीदाराने घासाघीस करून किंमत 94 वर आणली तर वाहतूक न धरताही (94 − 62) ÷ 94, म्हणजे 34 टक्क्यांच्या जरा वर. कारखान्यात काहीही बदललेले नसते, आणि सवलत जाते. म्हणून मूल्यांश काठावर असलेल्या मालाचा हिशेब दर नव्या भावाला पुन्हा करावा लागतो.

इथे एक सोय आहे जी पुष्कळ जण विसरतात. समजा, वरच्या 62 पैकी 20 एककांच्या चिप तुमच्याच देशात एका बोर्डावर बसवल्या जातात आणि तयार बोर्डाची किंमत 40 होते. बोर्ड स्वतःच्या नियमाप्रमाणे स्वमूळ ठरला, तर बऱ्याच करारांत पुढच्या हिशेबात तो अख्खा 40 चा स्वमूळ धरतात. त्यातले 20 परमूळ पुसले जातात, 62 चे 42 होतात आणि मूल्यांश 58 टक्क्यांवर जातो. बोर्डाने मूळ धरले; त्याच्या मातीची चौकशी पुन्हा होत नाही.

दुसरी कसोटी वर्गीकरण बदलाची. सीमाशुल्कासाठी मालाची वर्गवारी करणाऱ्या एचएस कोडचे पहिले दोन आकडे प्रकरण, चार आकडे शीर्षक, सहा आकडे उपशीर्षक. परमूळ भागाचा कोड आणि तयार वस्तूचा कोड किती अंकांवर वेगळे व्हायला हवेत ते करार सांगतो. कोरा सर्किट बोर्ड 8534 मध्ये, लिथियम-आयन बॅटरी 8507.60 मध्ये, स्मार्टफोन 8517.13 मध्ये. इथवर चार अंकी बदल सहज होतो. पण त्याच बोर्डावर फोनसाठीचे घटक बसवून तो परदेशातून आणला की तो फोनचा भाग म्हणून 8517.79 मध्ये जातो. आता चार अंकी बदल नाही, सहा अंकी आहे. आणि सगळे भाग जोडायचे बाकी असलेल्या संचाच्या रूपात आले, तर वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियम 2(अ) प्रमाणे तो संच आधीच 8517.13 ठरतो. मग सहा अंकीही बदल नाही, कितीही स्क्रू पिळा.

थोडासाच भाग अडत असेल तर सवलतमर्यादा असते, म्हणजे कसोटीत न बसणारे परमूळ साहित्य ठरावीक टक्क्यांच्या आत असेल तर ते चालवून घेतात. आरसेपमध्ये आणि उत्तर अमेरिकेच्या 2020 च्या करारात ती 10 टक्के आहे. मात्र ती वर्गीकरण बदलाच्या कसोटीला लागते, मूल्यांशाला नाही. 35 हवे तिथे 34 आले तर ती मदतीला येत नाही.

कोड कोणत्या आवृत्तीतला, हेही बघावे लागते. 8517.13 हा 2022 च्या आवृत्तीत आला, त्याआधी फोन 8517.12 मध्ये होते. सपाट डिस्प्ले मॉड्यूलसाठी 8524 हे शीर्षकही 2022 चेच. त्याआधी तोच डिस्प्ले कुठे फोनचा भाग म्हणून, कुठे वेगळ्याच शीर्षकात टाकत. करार जुन्या आवृत्तीत लिहिलेला असेल तर कसोटीही जुन्या आवृत्तीतच लावायची. बिलावरचा नवा कोड घेऊन जुन्या करारावर बोट ठेवले की जो डिस्प्ले पास दिसतो तो नापास निघू शकतो.

भाषांतरकारांनी सगळ्यात जास्त जपायचे ते दोन छोटे शब्द. आसियान-भारत करारातली सर्वसाधारण अट 35 टक्के ‘आणि’ सहा अंकी बदल अशी आहे. आरसेपच्या यादीत ठिकठिकाणी मूल्यांश ‘किंवा’ वर्गीकरण बदल आहे. मराठी मजकुरात तिथे तिरकी रेघ मारून मोकळे होणे हा बेजबाबदारपणा आहे. ‘आणि’चा ‘किंवा’ झाला तर वाचणारा चुकीची घोषणा करून बसेल.

राहिली चिप. इथे कोशकारच नव्हे, देशही आपसात भांडतात. तयार सिलिकॉन चकती 3818 मध्ये असते. तिच्यावर मंडल (सर्किट) घडवले की न कापलेली चकतीसुद्धा 8542 मध्ये जाते, आणि कापून, तारा जोडून, आवरणात बंद केलेली चिपही 8542 मध्येच. म्हणजे कोडच्या भाषेत सगळी उडी पहिल्या टप्प्यात संपते. युरोपीय समुदायाने 1989 मध्येच चिपचे मूळ ‘डिफ्यूजन’च्या जागी धरले, म्हणजे चकतीत निवडक जागी अशुद्धी मिसळून मंडल घडते तिथे. एप्रिल 2025 मध्ये चीनच्या सेमीकंडक्टर उद्योग संघटनेने सूचना काढली की आवरण चढलेले असो वा नसो, चकतीवर चिप घडवणारा कारखाना ज्या देशात, तोच मूळ देश. अमेरिकी सीमाशुल्क विभागाच्या निर्णयांत मात्र दुसऱ्या देशात झालेली जोडणी आणि आवरण हेच लक्षणीय रूपांतर मानलेले आढळते. एकच चिप, दोन बंदरांत दोन मुळे.

म्हणूनच ‘निर्माता देश’ चालत नाही. निर्माता कोण हे कारखाना सांगेल, ब्रँड सांगेल. माल कुठून निघाला हे बंदर सांगेल. मूळ मात्र कुठल्या कायद्याखाली विचारता यावर ठरते. सवलतीच्या करारापुरते एक आणि अँटी-डंपिंग शुल्क (परदेशी माल अवाजवी स्वस्तात आला तर लावायचे) किंवा खोक्यावरचा शिक्का यासाठी दुसरे, असे एकाच वस्तूचे होऊ शकते. 1996 च्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे अनेक भागांवर शुल्क शून्यच आहे, तिथे सवलतीसाठी मूळ सिद्ध करण्यात अर्थ नाही. या दुसऱ्या कामांसाठी मात्र ते सांगावेच लागते. तेव्हा कागदावर नुसते ‘मूळ देश’ लिहून थांबू नका, ‘अमुक करारान्वये मूळ देश’ असे लिहा.

शेवटी अनेकवचनाबद्दल: ‘मुळांचे नियम’ नको. माल हजार असले तरी ठरवायची गोष्ट प्रत्येकाचे मूळ, म्हणून ‘मुळाचे नियम’.