ट्रॅक्टरची प्लास्टिकची डिझेल टाकी गळते आहे; वेल्डिंग करून घ्यावी की नवी बसवावी?

तुमचा प्रश्न असा: मोहोळकडे शेत आहे, ट्रॅक्टरची टाकी खालून ओली होते, एम-सील दोनदा लावला तरी निघून आला, आता सोलापुरात वेल्डिंग करून घ्यावी की सरळ नवी टाकी घालावी?

एम-सील निघाला यात तुमच्या हाताचा दोष नाही. या टाक्या बहुतेक एचडीपीई (पाण्याच्या पाइपांसारख्या, मेणचट) प्लास्टिकच्या असतात आणि त्यावर नेहमीची कोणतीच चिकट वस्तू पकड घेत नाही. एम-सील, अरल्डाइट, फेविक्विक, फायबरचं कापड आणि रेझिन, सगळं वरवर बसतं आणि इंजिनाच्या थरथरीने सुटतं. सिलिकॉन तर डिझेलमध्ये फुगून मऊ होतं. त्यामुळे आणखी ट्यूबा विकत घेऊ नका.

दोन्हीपैकी काही ठरवण्याआधी टाकी खरंच फुटली आहे का ते बघा, कारण बऱ्याचदा फुटलेली नसते. डिझेल वरून कुठूनही निघतं, टाकीच्या अंगावरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून टपकतं. म्हणजे टपकतं तिथेच भोक असेल असं नाही. टाकी निरमा आणि पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, अंगावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा. मग डिझेल आधी पाव, नंतर अर्धी, नंतर पूर्ण टाकी असं भरत प्रत्येक वेळी तासभर थांबा. पावडर जिथे पहिल्यांदा काळपट ओली होईल ती खरी जागा.

टाकी पूर्ण भरल्यावरच गळत असेल तर वरच्या गेजच्या फ्लोटखालचं (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंग्याखालचं) रबरी गॅस्केट किंवा रिटर्न पाइपचा (इंजिनाकडून उरलेलं डिझेल परत आणणाऱ्या नळीचा) जोड बघा. अर्ध्या टाकीलाही खालून गळत असेल तर आउटलेटचं ग्रोमेट (नळी जिथे बसते ती रबरी कडी), ओ-रिंग, ड्रेन प्लगचा वॉशर बघा. ही रबरं वयानुसार कडक होऊन चिरतात, काढून चिमटीत वाकवली की भेग दिसते. नवीन घेताना डिझेलला चालणारं नायट्रिल रबर मागा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घालू नका, डिझेलने तो फुगतो. फ्लोटचे स्क्रू आमनेसामने, थोडे थोडे आवळा. एकच बाजू कचकचून आवळली की प्लास्टिकचा आटा जातो आणि मग साध्या रबराच्या कामासाठी टाकी बदलावी लागते.

एक फसवी गळती आपल्या भागात हमखास होते. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल थंड असतं. एप्रिल-मे महिन्यात ते झाकणापर्यंत भरून ट्रॅक्टर उन्हात लावला तर ५० लिटर डिझेल २० अंशांनी तापून साधारण ८०० मिलिलिटरने वाढतं आणि झाकणातून बाहेर येतं. उन्हाळ्यात वर दोन-तीन बोटं जागा ठेवा. झाकणाचं हवेचं भोकही साफ आहे का बघा. ते मातीने बुजलं की डिझेल ओढलं जाताना टाकी आत चेपते, आणि रोजच्या चेपण्याने कोपऱ्यात चीर पडते.

आता टाकीलाच चीर असेल तर. कारण बहुधा टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्याखाली सापडतं: पट्ट्याखालचं रबर झिजलेलं असतं किंवा मध्ये खडा अडकून घासत असतो. ते कारण तसंच राहिलं तर नवी टाकीही तिथेच जाईल.

माझं मत सरळ आहे. चीर सपाट भागावर, बोटभर लांबीची असेल तर वेल्डिंग करा. आउटलेटच्या मुळाशी, मधल्या जोडाच्या रेषेवर किंवा पट्ट्याच्या वळणावर असेल तर नवी टाकी घ्या, तिथला सांधा टिकत नाही. आणि हाच प्रश्न पेट्रोलच्या टाकीचा असता तर मी वेल्डिंगचं नावही काढलं नसतं. रिकाम्या दिसणाऱ्या पेट्रोल टाकीत राहिलेली वाफच भडकते.

डिझेलबाबतही निर्धास्त राहू नका. आपल्याकडच्या मानकात डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकेल ते तापमान किमान ३५ अंश धरलेलं आहे, आणि सोलापूरच्या उन्हात टाकी त्याच्या बरीच वर जाते. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकी उतरवा, रिकामी करा (नळी तोंडाने ओढून नको, हातपंप वापरा) आणि निरम्याच्या गरम पाण्याने तीन-चारदा खळखळून धुवा. वेल्डिंग करताना चीर वर येईल अशी टाकी ठेवून आत पाणी भरा, चिरेच्या इंचभर खालपर्यंत. आत वाफेला जागा कमी राहते.

टाकीवर 'पीई-एचडी' असा शिक्का असेल तर वेल्डिंग होतं. 'पीईएक्स' असेल तर नाही, ते प्लास्टिक वितळतच नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर चीर पुढे सरकते. जाडीच्या दोन-तृतीयांशापर्यंत 'व्ही' आकाराची खाच करा आणि वरचा चकचकीत पापुद्रा खरवडून काढा. प्लास्टिकमध्ये डिझेल मुरलेलं असतं. धुऊनही ते गरम होताच वर येतं आणि सांध्यात बुडबुडे पडतात. म्हणून धुतल्यावर दोन दिवस हवेशीर जागी सुकवा आणि वेल्डिंगच्या आधी ॲसिटोनने पुसा. हॉट एअर गनने ३०० अंशांच्या आसपास, एचडीपीईचीच काडी वापरून खाच भरा. काडी आणि टाकी दोन्ही एकदम ओली, चमकदार दिसली पाहिजेत. धूर निघाला तर प्लास्टिक जळतंय. पाणी ओतून थंड करू नका.

सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी साठवणीच्या टाक्या आणि त्या जोडून देणारेही भरपूर. पण त्यांतले काही जण तापलेली सळई फिरवून हाताला येईल ते प्लास्टिक वर थापतात. पाण्याच्या टाकीला ते चालून जातं, डिझेलला नाही. हॉट एअर गन आणि काडी आहे का, कसली काडी, हे आधी विचारा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसी भागात किंवा तुषार-ठिबकच्या दुकानांत एचडीपीईचं काम करणाऱ्यांची चौकशी करा.

जोडलेली टाकी पाण्याने भरून २४ तास कागदावर ठेवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, फुगून दुसरीकडे फाटेल. मग आतून पूर्ण वाळवा. थोडं पाणी राहिलं तरी पंप आणि नोझलचं नुकसान होतं.

नवी टाकी घेताना मॉडेल आणि चेसिस नंबर दाखवून घ्या, आणि गॅस्केट, ग्रोमेट, नळीच्या क्लिपा, पट्ट्याचं रबर त्याच दिवशी नवं घ्या. बसवल्यावर फिल्टरची एअर काढा: ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून ट्रॅक्टरवरचाच डिझेल ओढायचा छोटा हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा.

तोवर रानात अडकलात तर कपडे धुण्याचा साबण चिरेत घासून भरा, डिझेलमध्ये तो विरघळत नाही. घरी पोहोचण्यापुरतंच मात्र, पावसात धुऊन जातो.