सासऱ्यांच्या अंगठ्यावर नसबंदी

प्रश्न : आमचं गाव घाटंजी तालुक्यात. गर्भ नळीत राहून नळी फुटली. खाजगी दवाखान्यात नेलं तेव्हा मी शुद्धीवर होते, पण हे कापूस विकायला पांढरकवड्याला गेलेले, फोन लागेना. नवऱ्याच्या सहीसाठी डॉक्टर थांबले, शेवटी सासऱ्यांचा अंगठा घेतला. नंतर कळलं, दुसरी नळीही बांधली. विचारलं तर डॉक्टर म्हणतात, "दोन लेकरं आहेत, पुरे." तक्रार करता येते का?

उत्तर : येते, ताई. पण फुटलेली नळी काढली ते तक्रारीत ओढू नका. त्यानं तुमचा जीव वाचला.

तुम्ही सज्ञान, शुद्धीवर. सही तुमचीच पुरेशी होती. नवऱ्याची सही हवीच, ही दवाखान्यांनी पाडलेली रीत. जीव वाचवायच्या अशा ऑपरेशनसाठी कायद्यात तसं काही नाही. अहो, तुम्ही बेशुद्ध असता आणि जवळ कोणी नसतं, तरी जीव वाचवायला डॉक्टरांना हात लावता आला असता. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० त्यासाठीच आहे.

खरा मुद्दा दुसऱ्या नळीचा. तिच्यामुळे त्या घटकेला जीव धोक्यात नव्हता. समीरा कोहली खटल्यात बाई तपासणीसाठी भुलीखाली होती. डॉक्टरांनी बाहेर तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती संमती धरली नाही. आईची चालली नाही, तिथे सासऱ्यांची काय चालणार? भरपाई मात्र २५,००० रुपयेच मिळाली, तेव्हा कोणी वकील लाखोंचं स्वप्न दाखवत असेल तर जरा सांभाळून.

डॉक्टर संमतीपत्रातली छापील ओळ पुढे करतील : "व इतर आवश्यक शस्त्रक्रिया". अशा मोघम ओळीत नसबंदी बसत नाही. किंवा म्हणतील, ती नळीही खराब होती. मग तसं ऑपरेशनच्या नोंदीत असायला हवं. म्हणून आधी केसपेपर, संमतीपत्र आणि ऑपरेशन नोटच्या प्रती लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. ७२ तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. संमतीपत्र नीट पाहा. 'नसबंदी' हा शब्द वेगळ्या शाईनं, अंगठ्याला वळसा घालून लिहिला असेल तर तो नंतर घुसडला असं म्हणायला जागा आहे.

यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे वेगळी करता येते. आणि नळी पुन्हा जोडता येईल का, हे यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजात दाखवून लेखी मत घ्या. तो खर्चही भरपाईत मागता येतो.